सोसायटीमागच्या हिरव्या जमिनीवर टॉवर येतोय म्हणतात, विरोध करावा का?

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत परत मांडते, चुकलं असेल तर सांगा. ठाण्यात घोडबंदर रोडला कावेसर-ओवळ्याच्या बाजूला तुमची सोसायटी आहे, मागे डोंगराच्या पायथ्यापर्यंत मोकळी हिरवी जमीन, पावसाळ्यात तिथून ओढा वाहतो, आणि गेल्या महिन्यात अचानक तिथे निळे पत्रे लागले. ग्रुपवर एकजण म्हणतोय चाळीस मजली टॉवर येणार, दुसरा म्हणतोय तो ग्रीन बेल्ट आहे, होऊच शकत नाही. सोसायटीत दोन तट पडलेत, अर्ध्यांना विरोध करायचाय, अर्धे म्हणतात विकासाला आडवे येऊ नका, मेट्रो येतेय, भाव वाढतील. तुम्ही विचारलंय की विरोध करावा का, आणि केला तर त्याचा उपयोग होतो का.

आधी माझं सांगते, म्हणजे उत्तराला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा. मी आर्किटेक्ट, ठाण्यातच सव्वीस वर्षं काम करतेय. पहिली दहा वर्षं बिल्डरांचे प्लॅन पास करून घेण्यात गेली, व्हीपी नंबर (प्रस्तावाचा क्रमांक), सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी), ओसी (राहायला जायचा दाखला), या फायलींच्या मागे मागे फिरण्यात. नंतर हळूहळू सोसायट्या आणि गावातली मंडळी हरकती लिहून घ्यायला यायला लागली आणि आता तेच काम जास्त आहे. म्हणजे दोन्हीकडचा चहा प्यायलेय.

उपयोग होतो, पण लोक ज्याला विरोध करतात ती चीज बहुतेक वेळा चुकीची असते. लोक टॉवरला विरोध करतात. टॉवर ही शेवटची पायरी आहे हो, पत्रे लागले म्हणजे कागदावरच्या बऱ्याच गोष्टी आधीच होऊन गेलेल्या असू शकतात. खरा निर्णय झालेला असतो नकाशावर, जमिनीच्या रंगात आणि रस्त्याच्या रुंदीत, आणि तो होत असताना आपण सगळे आपापल्या कामात असतो.

म्हणून पहिली गोष्ट, ती जमीन नेमकी कुठल्या प्रकारची हिरवी आहे ते काढा. ग्रीन बेल्ट हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरतात. तिकडे इंग्लंडात तो लंडन पसरत जाऊ नये म्हणून शहराभोवती मुद्दाम मोकळा ठेवलेला पट्टा आहे, त्यासाठी १९३८ साली खास कायदा केला होता त्यांनी. आपल्याकडे एमआयडीसीच्या कडेच्या झाडांनाही ग्रीन बेल्ट, हायवेच्या बाजूच्या बोगनवेलीलाही ग्रीन बेल्ट, आणि येऊरच्या जंगलालाही ग्रीन बेल्टच. कायद्यात या सगळ्यांचे बाप वेगवेगळे आहेत आणि कोण किती टिकणार ते त्या बापावर ठरतं.

त्यासाठी सर्व्हे नंबर लागेल. ऑनलाइन गाव नकाशा आणि सातबारा दोन्ही मिळतात, तिथून नंबर काढा आणि महापालिकेच्या शहर विकास विभागात त्या नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. फी किरकोळ असते. हे दोन कागद हातात येईपर्यंत ग्रुपवर कोणाशीही वाद घालू नका, खरंच, कारण तोपर्यंत दोघंही अंदाजावर भांडत असता.

आता त्या कागदात काय काय निघू शकतं. जमीन संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असेल तर प्रश्नच नाही, पण ते तुमच्या भिंतीला लागून असण्याची शक्यता कमी. उद्यानाभोवती इको सेन्सिटिव्ह झोन आहे, डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने ठरलेला, आणि त्याची रुंदी सगळीकडे सारखी नाही, काही ठिकाणी शंभर मीटर तर काही ठिकाणी चार किलोमीटर. त्यामुळे उद्यान इतकं जवळ आहे म्हणजे बांधकाम बंद, असं सरसकट म्हणता येत नाही, अधिसूचनेच्या नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर कुठे पडतो ते बघावं लागतं, आणि झोनमध्ये असला तरी सगळीच कामं बंद नसतात, काही बंद, काही अटींवर. कोणीतरी नक्की सुप्रीम कोर्टाचा एक किलोमीटरवाला निकाल फॉरवर्ड करेल. तो जून २०२२ चा, आणि एप्रिल २०२३ मध्ये कोर्टानेच तो सरसकट नियम शिथिल केला. तो हरकतीत टाकलात तर समोरचा वकील खूश होईल.

सातबाऱ्याच्या इतर हक्कात खाजगी वन असा शेरा निघाला तर प्रकरण वेगळं. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याचं भूत ठाणे-मुलुंडच्या कितीतरी जमिनींवर होतं, लोकांनी फ्लॅट घेतले, वर्षानुवर्षं राहिले आणि मग कळलं की जमीन वन म्हणून दाखवलीये. जानेवारी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पूर्वी कधीतरी नुसती नोटीस निघाली आणि पुढे काहीच झालं नाही, तर तेवढ्यावर जमीन वन होत नाही. म्हणजे शेरा दिसला म्हणून नाचायचं नाही आणि शेरा काढला म्हणून कट शिजला असंही नाही, त्या फेरफाराची नक्कल काढून वाचायची.

खाडीच्या बाजूला, बाळकुम कोलशेतकडे असतात तर कांदळवनाचा मुद्दा आला असता. तो सगळ्यात भक्कम. मुंबई हायकोर्टाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे, कांदळवन तोडायला बंदी आणि भोवती पन्नास मीटरचा पट्टा सोडायचा, त्यात मालक कोण हा प्रश्नसुद्धा येत नाही. तुमच्याकडे तो लागू नाही पण हे वाचणारे नेरूळ, कोपरी, कळव्याचेही असतील म्हणून लिहिलं.

मग उरतात विकास आराखड्यातले हिरवे रंग. आणि गल्लत होते ती इथेच. आराखड्यात हरित विभाग असेल तर ते संरक्षण आहे, पण धोरणाचं संरक्षण, जे धोरणानेच बदलता येतं. बगीचा किंवा खेळाचं मैदान असं आरक्षण असेल तर लोकांना वाटतं झालं, आता कोणी हात लावू शकत नाही. उलट आहे. जमीन खाजगी असेल आणि आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती ताब्यात घेतली नाही, तर मालक एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या, कलम १२७ खाली नोटीस देतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द. म्हणजे कोणी चोरी केली नाही, कोणी नियम मोडला नाही, फक्त कोणी पैसे दिले नाहीत. माझ्या एका क्लायंट सोसायटीसमोरचं मैदान असंच गेलं, तिथे पोरं पंधरा वर्षं क्रिकेट खेळत होती आणि नोटीस आली ते कळलं तेव्हा मुदत संपायला दोन महिने उरले होते.

डोंगराचा उतार हा अजून एक मुद्दा, तुमच्याकडे कामाला येण्यासारखा. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला बंधन आहे. पण ते सिद्ध करायला कंटूरचा, म्हणजे जमिनीच्या उंचसखलपणाचा, सर्व्हे लागतो, आणि एकदा जेसीबीने पायथा कापून सपाट केला की मग कोण मोजणार कुठला उतार. म्हणून आजच, अगदी या रविवारी, तारखेसकट फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा, ओढ्याचेसुद्धा.

आणि एक शक्यता जी कोणालाच आवडत नाही. ती हिरवी जमीन तुमच्याच बिल्डरच्या लेआउटचा पुढचा फेज असू शकते! मी हे गमतीत नाही म्हणत. एक सोसायटी माझ्याकडे आली होती, पन्नासेक लोक, फार तावातावाने, मागच्या झाडीत टॉवर येतोय म्हणून. मी त्यांचाच फ्लॅटचा करारनामा मागितला, त्यातल्या परिशिष्टात मंजूर लेआउट होता आणि त्यात मागची झाडी विंग एफ आणि जी म्हणून दाखवलेली. सगळ्यांनी सही केलेली, वाचलं एकानेही नव्हतं. खोलीत जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. पण त्यातही एक दार असतं, मंजूर प्लॅन आणि आता चाललेला प्लॅन वेगळा असेल तर रेराच्या कलम १४ प्रमाणे दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची संमती लागते. त्या लोकांना शेवटी त्यातूनच लेआउटचं आरजी, म्हणजे रिक्रिएशनची मोकळी जागा, पोडियमवर न जाता जमिनीवर परत मिळाली. झाडी मिळाली नाही.

महारेराच्या साइटवर आधी बघा, प्रोजेक्टची नोंदणी झालीये का, सीसी टाकलीये का. दहा मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या अफवा तिथेच मरतात.

आता रस्ता. हे मला जरा सविस्तर सांगायचंय कारण हे बाहेर कोणी सांगत नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये जी एकत्रित नियमावली आली, सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात, तिच्यात एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते, समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर चढतो. मूळ १.१०, मग पैसे भरून मिळणारा प्रीमियम, मग दुसऱ्या जमिनीचा बांधकामाचा हक्क आणून वापरायचा टीडीआर, असं करत नऊ मीटरच्या आतल्या गल्लीत जे १.१० वरच अडकतं ते तीस मीटर रस्त्यावर तीनपर्यंत जातं, आणि घरांसाठी त्यावर साठ टक्क्यांपर्यंत जास्तीचा पूरक एफएसआय, म्हणजे अ‍ॅन्सिलरी. तुम्ही गुणाकार करून बघा. म्हणजे जी जमीन आज पाऊलवाटेवर आहे तिच्या पोटातून आराखड्यात तीस मीटरचा डीपी रोड आखला गेला की त्या दिवशी तिथे टॉवर उगवला असं समजायचं, मग पत्रे पाच वर्षांनी लागू देत. पण लोक काय करतात, रस्ता दाखवला की टाळ्या वाजवतात, ट्रॅफिक कमी होणार म्हणून, आणि पाच वर्षांनी त्याच रस्त्याच्या कडेच्या टॉवरविरुद्ध मेणबत्त्या घेऊन उभे राहतात. भाग नकाशा मिळाला की आधी रस्ते बघा. रंग नंतर.

बरं, आता दुसरा प्रश्न, जो तुम्ही अर्धवट विचारलाय. विरोध करणं बरोबर आहे का.

इथे माझं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मी ते तसंच ठेवणार. मी अशा बऱ्याच बैठकांना बसलेय आणि तिथे "रहिवाशांचं मत" अशी एक गोष्ट नसते. ज्यांनी हिल व्ह्यूचे जादा पैसे मोजलेत त्यांचा जीव व्ह्यूत असतो आणि ते बोलतात झाडांबद्दल. खालच्या दुकानदारांना गिऱ्हाईक हवंय. भाड्याने राहणारा काही बोलतच नाही, त्याला माहितीये पुढच्या वर्षी तो इथे नसणार. ज्यांची पोरं आता लग्नाची झालीत त्यांना वाटतं घरं व्हावीत, पोरगं बदलापूरला जायला नको. आणि सोसायटीत कामाला येणाऱ्या बाया दिव्याहून लोकलला लटकून येतात, त्यांना तर बैठकीला बोलवायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही.

आणि एक माणूस असतो ज्याला सगळे विसरतात. जमिनीचा मालक. घोडबंदरला काय, नवी मुंबईत काय, ही जमीन आधी कोणाची तरी भातशेती होती, आगरी-कोळी कुटुंबांची, डोंगराकडे गेलं की वारली पाडे. एका बैठकीत एक आगरी काका मागे उभे होते, सगळं ऐकून घेतलं त्यांनी, पक्षी, ऑक्सिजन, फुफ्फुसं, आणि मग एवढंच म्हणाले, "तुमचे बिल्डिंगी झाल्या तवा आमी कय बोललो का? आता आमचे वाट्याची येल आली त तुमाला झारां दिसाय लागली?" उत्तर नव्हतं कोणाकडे. माझ्याकडेही नव्हतं. नवी मुंबईत तर हा इतिहास रक्ताचा आहे, जानेवारी १९८४ ला शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणजवळ जासईला आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचा, म्हणजे घेतलेल्या जमिनीतला तेवढा विकसित वाटा मालकांना परत द्यायचा, विषय पुढे सरकला. त्यांच्यासमोर जाऊन जमीन हिरवीच ठेवा म्हणायचं असेल तर त्यांच्या मोबदल्याचंही आपणच बोलायला लागतं, टीडीआर द्या म्हणा, अदलाबदल करा म्हणा, पण बोला. ज्या हरकतीत मालकाचा विचार असतो ती सुनावणीत वेगळी ऐकली जाते, हा माझा अनुभव.

घरं लागतात हेही मान्य करूया. १९९१ ला ठाणे महापालिका हद्दीत आठ लाख लोक होते, २०११ ला अठरा लाखांच्या वर. त्यानंतरची जनगणना अजून हातात नाही पण बाहेर बघून कळतंच. त्या दहा लाखांत मी आहे, तुम्हीही असाल. आणि अधिकृत घरं परवडली नाहीत की लोक हवेत राहत नाहीत, अनधिकृत बिल्डिंगीत राहतात. शीळफाट्याला एप्रिल २०१३ मध्ये लकी कंपाउंडची बिल्डिंग पडली, चौऱ्याहत्तर माणसं गेली, ती सगळी बिल्डिंगच बेकायदा होती. म्हणून मला "घरं नकोत" असं म्हणणारी हरकत लिहायला जमत नाही, मी सरळ सांगते दुसऱ्या कोणाकडे जा. "इथे नको, तिथे करा आणि का ते हे बघा" अशी असेल तर रात्रभर बसून लिहीन. ठाण्यात वागळे, किसननगरसारख्या भागात धोकादायक इमारती पुन्हा बांधायच्या बाकी आहेत, क्लस्टर, म्हणजे अख्खा भाग एकत्र पुन्हा बांधायची योजना, आहे, पण ती कामं किचकट असतात, हजार लोकांच्या सह्या, भाडी, संक्रमण शिबिरं. त्यापेक्षा डोंगराखालची एका मालकाची मोकळी जमीन घेणं सोपं. बिल्डर सोपं तेच करणार, मीही त्यांच्या बाजूला होते तेव्हा तेच सुचवायचे.

तर तुम्ही आधी सोसायटीत बसून ठरवा की नेमकं काय वाचवायचंय. ओढा? उतार? जुनी झाडं? की व्ह्यू? व्ह्यू असेल तर स्पष्ट बोला आणि सोडून द्या, व्ह्यूचा हक्क आपल्याकडे कोणी देत नाही. ओढा मात्र वाचवण्यासारखा आहे आणि तुमच्यासाठीही, कारण डोंगरावरचं पाणी त्यातून उतरतं, तो पाइपात घातला की पहिल्या मोठ्या पावसात ते तुमच्या बेसमेंटच्या पार्किंगमध्ये येणार, हे मी तीन ठिकाणी पाहिलंय, एका ठिकाणी तर लिफ्टच्या खड्ड्यात मासे निघाले होते.

आता कसं करायचं ते. हरकतीला खिडक्या असतात आणि त्या ठरावीक दिवसच उघड्या असतात. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ खाली ३० दिवस. हरकती आल्या की नियोजन समिती सुनावणी घेते, त्यात कायद्याने स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले चारपर्यंत जाणकार असतात. मधल्या काळात, नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून, बरीच वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, तेव्हा आपला म्हणून जाऊन ज्याच्या घरी बसावं असा माणूसच नव्हता, त्याचा फटका लोकांना किती बसला हे लोकांना अजून कळलेलं नाही. मग आराखडा सरकारकडे जातो, आणि इथे एक खिडकी आहे जी भले भले विसरतात. सरकारने मोठे बदल सुचवले की तो भाग वेगळा काढून, त्याला ईपी म्हणतात, पुन्हा नोटीस निघते, पुन्हा किमान महिना मिळतो. लोक पहिल्या फेरीत जिंकतात, पेढे वाटतात आणि ईपीमध्ये हरतात कारण तेव्हा पेपर कोणी बघितलेलाच नसतो. आणि आराखडा मंजूर झाल्यावर एखाद्याच प्लॉटचा रंग बदलायचा तर कलम ३७ ची नोटीस, राजपत्रात आणि पेपरात, तिथेही महिना. तुमच्या सोसायटीत एक निवृत्त काका शोधा ज्यांना रोज पेपरातल्या जाहीर नोटिसा वाचायला आवडतं. असा एक तरी असतोच. त्यांना हे काम द्या.

प्रोजेक्टच्या पातळीवर बघाल तर वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. लोक मला विचारतात जनसुनावणी कधी आहे. नाही आहे! इमारत प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत जनसुनावणीतून सूट दिलीये, खाणीला असते, कारखान्याला असते, चाळीस मजल्यांना नसते. पण अर्ज परिवेश या सरकारी पोर्टलवर दिसतो, त्यात बिल्डरने लिहिलेलं असतं पाणी कुठून घेणार, किती झाडं तोडणार, नाला आहे की नाही. तो वाचा. मी एकदा वाचला त्यात प्लॉटमध्ये नाला नाही असं ठोकून दिलं होतं आणि सॅटेलाइट फोटोत तो शेंबड्या पोरालाही दिसत होता. तेवढ्या एका वाक्यावर मंजुरी सात महिने अडकली आणि शेवटी प्लॅनमध्ये नाला उघडा ठेवून दोन्ही बाजूंना जागा सोडावी लागली. झाडांसाठी वेगळी नोटीस निघते, तिला सातच दिवस असतात, झाडावर चिकटवलेली असते, पत्र्याच्या आत असेल तर दिसणार कशी हा प्रश्न आहेच. पन्नास वर्षांवरची झाडं २०२१ च्या दुरुस्तीनंतर हेरिटेज धरतात.

हरकत लिहायची कशी? एक चूक मीच केलीये ती सांगते. सुरुवातीच्या काळात एका सोसायटीसाठी मी एक छान पत्र ड्राफ्ट केलं, चारशे झेरॉक्स, चारशे सह्या, टेम्पोतून नेऊन दिल्या. सुनावणीत आमची बारी आली तेव्हा समोरचे साहेब म्हणाले, "चारशे नाही मॅडम, ही एकच हरकत आहे, चारशे वेळा." आणि बरोबर होतं त्यांचं. चारशेजणांना मिळून चार मिनिटं मिळाली. त्यानंतर मी सांगते, वीसच द्या पण वीस वेगळ्या. एकाने फक्त ओढ्यावर लिहायचं, सर्व्हे नंबर, कुठून येतो कुठे जातो, गाव नकाशात दाखवलाय का, फोटो. एकाने फक्त उतारावर. एखादे डॉक्टर असतील त्यांनी अँब्युलन्सला घोडबंदर रोडवरून बाहेर पडायला किती वेळ लागतो ते पंधरा दिवस टिपून. एकाने पाण्यावर, आणि पाण्याचा मुद्दा ठाण्यात जड आहे, कारण नवी मुंबईकडे स्वतःचं मोरबे धरण आहे आणि आपल्याकडे स्वतःचं धरण नाही, भातसावरची आपली योजना, स्टेम पाणी प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका असं चार घरचं पाणी आपण पितो. २०१७ मध्ये हायकोर्टाने घोडबंदरच्या नव्या बांधकामांना पाण्यावरूनच काही काळ थांबवलं होतं, म्हणजे कोर्ट हा मुद्दा ऐकतं. टँकरची बिलं जोडा, सोसायटीकडे असतातच, ती जोडायची कोणाला सुचत नाहीत.

प्रत्येक हरकतीत शेवटी मागणी हवी. "विरोध आहे" ही मागणी नाही, ती भावना आहे. मागणी म्हणजे, अमुक सर्व्हे नंबरमधून जाणारा तीस मीटरचा रस्ता पायथ्यापासून हलवून सध्याच्या रस्त्याच्या रुंदीकरणात घ्यावा, ओढ्याच्या दोन्ही बाजूंना अमुक मीटर ना विकास पट्टा ठेवावा, मालकाला त्याचा टीडीआर द्यावा. असं लिहिलं की अधिकाऱ्याला त्यावर टिपणी लिहावी लागते, आणि टिपणी लिहिली की ती माहिती अधिकारात काढता येते. पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. पोच नसेल तर तुम्ही हरकत दिलीच नव्हती.

इथवरचं थोडक्यात, आधी सर्व्हे नंबर आणि भाग नकाशा, मग रस्ता, मग आपल्याला काय वाचवायचंय ते, आणि मग हरकत.

आणि समजा कागद काढल्यावर निघालं की जमीन सरळ निवासी विभागात आहे, कुठलंही बंधन नाही, मालकाने रीतसर विकलीये. ही शक्यता मोठी आहे, मन तयार ठेवा. तेव्हा टॉवर थांबणार नाही, पण कसा येणार यावर बोलता येतं, आणि मला वाटतं लोक इथे फार लवकर हार मानतात. चार हजार चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, ती ओढ्याच्या कडेला सलग घ्या असं मागा, कोपऱ्याकोपऱ्यात तुकडे नकोत. तेवढ्याच प्लॉटला आपल्यासारख्या दहा लाखांवरच्या शहरात वीस टक्के जागेवर छोटी परवडणारी घरंही द्यावी लागतात, ती खरंच होतायत का बघा. आणि हो, त्याला विरोध करू नका, मी अशी सोसायटी पाहिलीये जी झाडांसाठी लढत होती आणि शेवटी तडजोडीत त्यांनी मागितलं काय, तर छोट्या घरांचं गेट दुसऱ्या बाजूला हवं. मी ती केस सोडली. डंपरची वेळ, रात्रीचं ब्लास्टिंग, धुळीचे पडदे, हे सगळं लेखी मागता येतं आणि मिळतंही.

कोर्टाचं विचारलं नाहीत तरी लिहिते. कोर्ट शेवटी, आणि हरकत दिलेली असेल तरच. पहिला प्रश्न तोच येतो, तुम्ही वेळेत हरकत घेतली होती का. शिवाय जिंकण्याचा एकच रस्ता कोर्ट नाही. नेरूळच्या डीपीएस तळ्याचं बघा, भरतीचं पाणी यायचे मार्ग बंद झाले, २०२४ मध्ये फ्लेमिंगो मेले, तिथले लोक वर्षानुवर्षं फोटो आणि तक्रारी साठवत राहिले, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ते तळं संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. त्यांच्याकडे नोंदी होत्या. कुठल्या वर्षी पाणी कुठवर यायचं हे त्यांना दाखवता येत होतं. तुमच्या ओढ्याचं तुम्हाला दाखवता येईल का?

विरोध करणाऱ्या आणि विकास हवा म्हणणाऱ्या दोन्ही तटांतला एकेक माणूस घेऊन शहर विकास विभागात जा, एकटे जाऊ नका, आणि एका तटातले तर अजिबात नको. कागद दोघांसमोर उघडला की सोसायटीतलं निम्मं भांडण तिथेच संपतं. सोमवारी सकाळी गर्दी असते, मधल्या वारी जा. भाग नकाशा मिळाला की त्यात रस्त्याची रुंदी आणि जमिनीचा रंग काय आहे तेवढं इथे लिहा, सर्व्हे नंबर लिहू नका, मग पुढचं सांगते. पाऊस सुरू व्हायच्या आत गेलात तर बरं, कारण ओढ्याचे कोरडे फोटो आणि भरलेले फोटो दोन्ही लागतील.